ड्रमवरची तार

अब्बांनी ते यंत्र तोडण्यासाठी आणलं होतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे ओळखीपाळखीचे लोक म्हणायचे, "तुझ्या अब्बांना जुन्या मशिनींचा भारी शौक दिसतो." शौक अब्बांना कशाचाच नव्हता. बेलापूरच्या खाडीकडेला, दिवाळे गावापासून हाकेच्या अंतरावर आमची लाकडाची वखार होती. कोळ्यांच्या होड्यांना लागणारं लाकूड आमच्याकडून जायचं, उरलेलं नव्या सोसायट्यांच्या दारं-खिडक्यांना. अंदमानातल्या एका बंद पडलेल्या ठेकेदाराचा माल लिलावात निघाला तेव्हा अब्बांनी पडौकचे ओंडके घेतले. ओंडक्यांच्या लॉटमध्येच ते लोखंडाचं धूडही होतं. लाकूड हवं तर तेही उचला, अशी अट.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मी ड्राफ्ट्समनचा कोर्स करून तुर्भ्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग सेक्शनला लागले होते. सुट्टीच्या दिवशी वखारीत अब्बांचा डबा घेऊन जायची, म्हणून ट्रेलर आला तेव्हा मी तिथे होते. क्रेनने उतरवलं आणि जमीन हादरली. लोखंडी पट्ट्यांवर चालणारा ट्रॅक्टर, रणगाड्यासारखा, पण उघडा. सीटच्या जागी नुसत्या स्प्रिंगा, आणि त्यात कुठल्यातरी पाखराचं वाळलेलं घरटं. मागच्या बाजूला जाडजूड विंच, म्हणजे एक आडवा लोखंडी ड्रम. त्याच्यावर पोलादी तार गुंडाळलेली असायची. जंगलात पाडलेल्या झाडाला तारेचं टोक बांधायचं, ड्रम फिरवायचा, की ओंडका चिखलातून, झुडपांतून ओढत रस्त्याला यायचा. आमच्या यंत्राच्या ड्रमवर मात्र तार नव्हती. होता तो फक्त गंज.

"उद्या कटरवाला येईल," अब्बा म्हणाले. "तुकडे करून तळोज्याला भंगारात पाठवून देऊ." आणि ते आत निघून गेले. एवढं मोठं धूड अंगणात उतरलं, पण त्यांनी त्याच्याकडे धड मान वळवून पाहिलंही नाही.

त्याचं कारण मला माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत होतं, फक्त बोलायचं कुणी नाही. अब्बांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही बडेअब्बा म्हणायचो, आमच्यातच राहायचे. लग्न केलेलं नव्हतं. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. जवानीत दोघे भाऊ अंदमानात लाकूडतोडीच्या कॅम्पवर कामाला होते. बडेअब्बा अशाच यंत्रावर ड्रायव्हर होते. अब्बा खाली ओंडक्यापाशी उभे राहून हाताने इशारे करायचे: हात गोल फिरवला की ओढ, पंजा उंच धरला की थांब. एक दिवस ओंडका खडकाला अडकला. तार तुटली आणि उलटी फिरून थेट सीटवर आली. बडेअब्बांचा पाय तिथेच गेला. अब्बांना ओरखडासुद्धा उठला नाही. दोघे मुलखात परत आले, अब्बांनी वखार काढली, भावाला आयुष्यभर सांभाळलं. एका ताटात जेवायचे दोघे. पण मी त्यांना गप्पा मारताना कधी पाहिलं नव्हतं. कामाचं बोलणंसुद्धा अम्मीच्या मार्फत व्हायचं. "भाईंना विचार, औषध संपलं का." समोर भाई बसलेले असायचे.

त्या दिवशी संध्याकाळी बडेअब्बा कुबड्या घेऊन वखारीत आले. कोणी सांगितलं होतं देव जाणे. त्यांनी यंत्राला सावकाश एक फेरी मारली. मग एक कुबडी माझ्याकडे दिली आणि मोकळ्या हाताने विंचच्या लिव्हरची मूठ धरली. मुठीवरचं पितळ कुणाकुणाच्या तळव्यांनी घासून घासून मधोमध बारीक झालं होतं.

"तोच हाय का हा?" मी विचारलं.

"नाय. त्याच्या जातीचा. कॅम्पवर असे आणखी होते." मग मूठ चाचपत, "एका बाजूला हत्ती काम करायचे, दुसऱ्या बाजूला हे. हत्तीला चढण आवडत नसे. हा कुठंही चढायचा."

अब्बा ऑफिसच्या दारात येऊन उभे होते. बडेअब्बांनी त्यांच्याकडे न बघताच सांगितलं, "कटरवाल्याला सांग, येऊ नको. मी हा उभा करतो."

"भाई, त्याच्यात काय उरलंय?"

"ते मी बघतो."

थोरल्या भावाचा शब्द अब्बांनी कधी मोडला नव्हता. तेव्हाही मोडला नाही. पण त्यांचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता इतका कोरडा झाला. "इंजिन चालू करा. रंग द्या. काय वाटेल ते करा. पण ड्रमवर तार चढणार नाय. मी जिवंत असेपर्यंत नाय."

बडेअब्बांना यंत्राखाली शिरता येत नव्हतं, पट्ट्यांवर चढता येत नव्हतं. त्यामुळे मी शिरायचे, मी चढायचे. ते खुर्ची टाकून बसायचे आणि सांगायचे. आधी इंजिन. आतली पिस्टनं गंजून जाम झालेली. आम्ही प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि रॉकेल मिसळून ओतलं आणि सोडून दिलं. दर सुट्टीला पहार लावून हलवून बघायचं, हललं नाही की पुन्हा ओतायचं. पावसाळा असाच गेला. एका रविवारी पहारीखाली काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. मी ओरडले. बडेअब्बा म्हणाले, "ओरडू नको. उलटं फिरव आता, हळू."

पट्ट्यांच्या खिळी गॅसने तापवून काढल्या. डिझेलचे नोझल तुर्भ्याच्या मार्केटजवळच्या ट्रक टर्मिनलला एक सरदारजी तपासून द्यायचा, त्याच्याकडे नेले. एक दाता तुटलेलं गिअर होतं. त्याचं मी माप घेऊन ड्रॉइंग केलं आणि तुर्भ्यात ओतून, कापून घेतलं. कारखान्यात मी दिवसभर ज्या वस्तूंची चित्रं काढायची त्या कुठे बसतात हे मला कधी दिसायचं नाही. हे गिअर मी स्वतःच्या हाताने बसवलं. ते सरकून जागेवर गेलं तेव्हा बडेअब्बा त्याच्यावर कान ठेवून मला फिरवायला लावत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी घरात कधी बघितलं नव्हतं. त्या यंत्रातलं काय सुंदर आहे ते मला त्यांनी शिकवलं. तेलासाठी केलेल्या पितळी वाट्या, त्यांची झाकणं अजून स्प्रिंगवर टक्कन मिटायची. जिथे कधीतरी फ्रेम तडकली होती तिथली वेल्डिंगची शिवण. "हे कॅम्पवर केलंय," ते बोट फिरवत म्हणायचे. "पावसात. बघ, हात थरथरलाय इथं."

हा सगळा काळ घरात मात्र हवा जड होती. अब्बा वखारीत यायचे, जायचे, गिऱ्हाइकाला फळ्या दाखवायचे, आणि यंत्राच्या बाजूने जाताना चाल वाढवायचे. मी घरी ग्रीसने काळी झालेली यायची तेव्हा अम्मी कपाळाला हात लावायची. "उद्या बघायला लोक येतील तर हे हात दाखवणार?" अब्बा मला काही बोलत नसत. त्यापेक्षा बोलले असते तर बरं होतं. एकदा रात्री जेवताना मी उत्साहात गिअरचं सांगायला लागले आणि ते अर्ध्या ताटावरून उठून गॅलरीत गेले.

इंजिन चालू झालं तो दिवस. या यंत्राला चालू करायला एक छोटं पेट्रोल इंजिन असतं. आधी ते हँडल मारून चालू करायचं आणि त्याच्या जोरावर मोठं डिझेल इंजिन फिरवायचं. छोटं पहिल्या काही झटक्यांत लागलं. मग बडेअब्बांनी खुर्चीतून हात वर केला, मी लिव्हर ओढली, मोठं इंजिन घरघरलं, शिंकलं, काळा धूर असा आला की समोरची वखार दिसेना. आणि मग ते चालू लागलं. सावकाश, एकेक ठोका मोजून घ्यावा असं. वखारीतले कामगार टाळ्या वाजवत होते. बडेअब्बा डोळे मिटून ऐकत होते. "एक सिलिंडर मागं राहतोय," म्हणाले. "पण चालेल."

अब्बा ऑफिसात होते. खिडकी उघडी होती. त्यांनी ती उठून लावून घेतली.

या ट्रॅक्टरला वळवायला दोन्ही पायांनी दोन ब्रेक दाबावे लागतात. डावीकडे वळायचं तर डावा पाय. बडेअब्बांसाठी मी डाव्या ब्रेकला हाताची लिव्हर जोडायचं ड्रॉइंग केलं होतं, पण ते म्हणाले, "कशाला? तू बाजूला बस, तू दाब." तसंच आम्ही चालवायला शिकलो. ते सीटवर, मी त्यांच्या डाव्या बाजूला पत्र्यावर, पाय ब्रेकवर. वखारीच्या मागच्या मोकळ्या जागेत फेऱ्या मारायचो. दिवाळ्याच्या कोळणी मासळीच्या पाट्या घेऊन जाताना थांबून बघायच्या. "बाबा, आमाला पन बसवा!"

आणि प्रत्येक फेरीनंतर बडेअब्बा मागे वळून रिकाम्या ड्रमकडे बघायचे.

भांडण झालं ते एका दुपारी, माझ्या देखत. बडेअब्बा ऑफिसात गेले आणि सरळ म्हणाले, "तार पायजे."

अब्बांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी सांगितलं होतं."

"तारेशिवाय ह्याचा काय उपयोग? हा ओढायला केलाय. नुसता फिरवून काय करू, मिरवणूक काढू?"

"भाई, तुम्ही माझ्याकडं दुसरं काहीही मागा."

"का?"

अब्बा उभे राहिले. "का, ते मलाच सांगायला लावता? रोज सकाळी तुम्हाला कुबडी उचलताना बघतो मी. इतकी वर्षं बघतो. मी तिथं उभा होतो. इशारा माझा होता."

मी दारात उभी होते. बडेअब्बांनी खाली बसायला जागा शोधली, लाकडाच्या नमुन्यांची पेटी होती तिच्यावर बसले. आणि म्हणाले, "तू पंजा वर केला होतास."

अब्बांना कळलं नसावं.

"तू थांब म्हटलं होतंस. मी बघितलं होतं. मला वाटलं आणखी थोडं ओढलं तर निघेल. ओंडका मोठा होता, सायेब बघत होता. मी लिव्हर सोडली नाय."

"मग इतकी वर्षं..."

"तू कधी विचारलं नायस. आणि मी कुठल्या तोंडानं सांगू? पाय गेला होता, वर भावापुढं मानही घालवायची?"

अब्बांनी काय करावं? मला वाटलं ते ओरडतील, किंवा रडतील. ते तसेच बाहेर गेले, चपला न घालता, आणि खाडीच्या बाजूला चालत राहिले. संध्याकाळी घरी आले ते मुकाट्याने नमाज पढून झोपले.

पुढच्या आठवड्यात वखारीत एक टेम्पो आला. त्यात लाकडी रिळावर नवी कोरी पोलादी तार होती. अब्बा टेम्पोच्या मागोमाग उतरले. त्यांनी तार जमिनीवर लांबच लांब उलगडायला लावली, मांडी घालून बसले, आणि हातात सुती फडकं घेऊन त्याच्यातून तार ओढत सरकत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तारेचा एखादा तंतू जरी तुटलेला असेल तर तो कापडात अडकतो. बडेअब्बांनी दुसऱ्या टोकाकडून तसंच सुरू केलं. मध्यावर दोघांची गाठ पडली.

"मागं जाळी पायजे," अब्बा मला म्हणाले. "सीटच्या मागं. जाड गजांची. तार तुटली तर आत येता कामा नये. तू काढ ड्रॉइंग, मी बघीन."

मी काढलेलं ड्रॉइंग त्यांनी परत केलं. गज आणखी जाड पाहिजेत म्हणाले.

पुढे उन्हाळ्यातली एक सकाळ. अमावास्येच्या आसपासचे दिवस, उधाणाची भरती. खाडीच्या कडेने नव्या रस्त्यासाठी भराव टाकणं चाललं होतं. दिवसभर मुरुमाचे डंपर यायचे, रिव्हर्स घेत काठापर्यंत जायचे, रिकामे करून परतायचे. सुट्टी होती म्हणून मी आणि बडेअब्बा यंत्राला ग्रीस भरत होतो. बाहेर आरडाओरडा झाला. एक कोळी धावत आला, "चाचा! गारी गेली खारीत! डायवर आत हाय!"

भरावाची कड ढासळली होती. डंपर मागच्या मागे खाली घसरला होता, उजवीकडे कलला होता आणि अर्धा चिखलात रुतला होता. तोंड वर रस्त्याकडे, पण ड्रायव्हरची बाजू खाली. केबिन चेपून त्याचे पाय आत अडकले होते. चिखलावरून पाणी आत यायला लागलं होतं, आणि भरती अजून पुष्कळ वेळ चढत राहणार होती. दोघे कोळी होडी घेऊन खालच्या बाजूला गेले होते आणि खिडकीतून त्याला धरून होते. कुठूनतरी एक क्रेनही आली, पण भरावावर चाक ठेवताच माती खचली आणि क्रेनवाल्याने हात जोडले. "पुढे नाही आणता येत साहेब, मीपण जाईन खाली."

अब्बांनी पाण्याकडे पाहिलं, केबिनकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाईंना सांग." आणि लगेच, स्वतःच वळून, "भाई! आणा!"

चाकांची क्रेन जिथे खचत होती तिथे आमच्या पट्ट्या चालल्या. रुंद पट्ट्यांवर वजन पसरतं. तरी खालची माती भुसभुशीत होती आणि माझा पाय ब्रेकवर इतका ताठ झाला होता की बडेअब्बांना दोनदा सांगावं लागलं, "सैल सोड, सैल." आम्ही पाठ खाडीकडे करून उभे राहिलो. ट्रॅक्टरच तारेबरोबर मागे ओढला जाऊ नये म्हणून अब्बांनी वखारीतून ऐनाचे ओंडके आणवून पट्ट्यांच्या मागे अडकवले. तारेचा हुक डंपरच्या पुढच्या कडीत गेला. बघ्यांची ही गर्दी झाली होती. अब्बा त्यांच्या अंगावर धावून गेले. "तारेच्या आसपास कोण उभा राहील त्याचं मुंडकं जाईल! व्हा मागं!" आणि मग ते स्वतः पुढे गेले, बाजूला, जिथून त्यांना केबिनही दिसेल आणि आम्हीही. इशारा करायला.

हात गोल फिरला. बडेअब्बांनी लिव्हर घेतली. तार वर उचलली गेली, ताठ झाली, तिच्यावरचं पाणी तुषारासारखं उडालं. डंपर कण्हला, वीतभर वर सरकला. लोकांनी ओरडा केला. आणि मग तो थांबला. मागचं चाक कशात तरी अडलं होतं. इंजिनाचा आवाज खाली उतरला, माझ्याखालचा पत्रा थरथरायला लागला, आणि तारेतून एक बारीक आवाज येऊ लागला, कानाला टोचणारा. तारेवर एक तंतू टचकन उभा राहिलेला मी जाळीतून पाहिला.

अब्बांचा पंजा वर गेला.

"ओढा! ओढा ना! पाणी चाललंय त्याच्या गळ्याशी!" गर्दी ओरडत होती. होडीतला कोळीसुद्धा हात हलवत होता. मी बडेअब्बांच्या हाताकडे पाहिलं. बोटं पांढरी पडली होती. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. एखादा श्वासभरच असेल.

त्यांनी लिव्हर सोडली. तार सैल पडली.

अब्बा धावत आले. "कप्पी घालू. दोन पदर."

"वेळ जाईल," बडेअब्बा म्हणाले.

"जाऊ दे. तारेनं दगा दिला तर तोही जाईल न् तुम्हीही जाल."

कप्पी म्हणजे जाड लोखंडी चाक. ती डंपरला बांधायची, तार तिच्यातून फिरवून परत आणायची आणि टोक आपल्याच ट्रॅक्टरला अडकवायचं. भार दोन पदरांवर वाटला जातो. ओढ दुप्पट, पण वेग निम्मा. निम्मा वेग आणि चढती भरती. कप्पी बांधायला अब्बाच कमरेएवढ्या चिखलात उतरले. डंपरच्या पुढ्यात वाकून ते कडी घट्ट करत होते आणि फुटलेल्या काचेतून ड्रायव्हर त्यांच्याशी बोलत होता. पंचविशीतला असेल. आवाज चिरका झाला होता.

"चाचा, पाय तोडा माझे. तोडून काढा, पण काढा."

"पाय कोण तोडत नाय," अब्बा म्हणाले. त्यांचे हात थांबले नाहीत. "गाव कुठलं तुझं?"

"गेवराईकडचं."

"पाऊस असतो का रे तिकडं?"

"कुठला पाऊस, चाचा."

"मग पाण्याला घाबरायची सवय नसेल. तोंड वर कर. वर आभाळाकडं बघ. हे कोळी तुला सोडायचे नाहीत."

अब्बा मागे सरले. हात गोल फिरला. या वेळी तार गायली नाही. दोन्ही पदर ताणले गेले आणि डंपर हलू लागला, इतका हळू की आधी मला वाटलं पाणीच उतरतंय. ऐनाच्या एका ओंडक्याने काडकन आवाज दिला, आमचा ट्रॅक्टर हिसका बसून मागे सरकला. बडेअब्बांनी लिव्हर तिथेच धरून ठेवली, न पुढे न मागे. अब्बांनी ओंडका बघितला, तुटलेला नव्हता, फक्त मातीत दबला होता. हात पुन्हा फिरला. चाक अडथळ्यावरून चढलं. केबिनच्या खिडकीतून पाणी ओतू लागलं, बाहेर. अब्बांनी पंजा वर केला, बडेअब्बांनी विंचचा ब्रेक घट्ट केला, आणि मग पहारी घेतलेली माणसं चारी बाजूंनी केबिनवर चढली.

त्याला बाहेर काढलं तेव्हा तो शुद्धीवर होता. मासळीच्या टेम्पोतून दवाखान्यात नेला. एक घोटा मोडला होता, दुसऱ्या पायाची कातडी सोलली होती. पाय दोन्ही राहिले. हे आम्हाला दोन दिवसांनी कळलं.

वखारीच्या नळावर अब्बांनी पायाचा चिखल धुतला. मी चहा आणला. बडेअब्बा अजून सीटवरच होते, इंजिन बंद केलं होतं तरी. अब्बा कप घेऊन त्यांच्यापाशी गेले.

"उतरता?"

"थोडं बसतो."

अब्बा पट्टीवर बसले. दोघांनी चहा घेतला. मग अब्बा म्हणाले, "तंतू तुटला तो तुकडा कापून टाकायला हवा."

"तुटल्या जागेपासून अलीकडं हातभर घे," बडेअब्बा म्हणाले. "तिथवर ताण गेलेला असतो."

मी आत गेले आणि ऑफिसात बसून रडले. भीतीने असेल. इतका वेळ आलीच नव्हती ती.

भरावाचा ठेकेदार पुढच्या आठवड्यात विचारायला आला, मशीन भाड्याने द्याल का. बडेअब्बा हो म्हणाले, अब्बा नाही म्हणाले, आणि त्यावरून दोघांचं चांगला अर्धा तास वाजलं. कुणी कुणाच्या मार्फत बोललं नाही. शेवटी दिलं नाही. रंगावरूनही असंच. बडेअब्बांना पिवळा पाहिजे होता, कॅम्पवर तसाच असायचा. अब्बांना हिरवा. पिवळाच दिला. रंग देण्याआधी मी ती पावसात घातलेली वेल्डिंगची शिवण घासून सपाट करायला निघाले होते. बडेअब्बांनी हात धरला. "राहू दे. कुणीतरी केलंय ते."

कोळ्यांचं एक काम मात्र दोघांनी अंगावर घेतलं. पावसाळ्यापूर्वी दिवाळ्याच्या होड्या किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या असतात. पूर्वी सगळा गाव दोराला लागायचा. त्या वर्षीपासून मोठ्या होड्या आमच्या तारेने यायला लागल्या. खाली बांबूचे रूळ टाकायचे, होडीच्या गळ्याला जाड काथ्या बांधायचा म्हणजे लाकडाला तार काचत नाही, आणि हळू ओढायचं. लाकडाची होडी म्हणजे ओंडका नव्हे, जोर जास्त झाला तर फळ्या सुटतात. अब्बा खाली उभे राहून इशारे करायचे. एक म्हातारी कोळीण दर वर्षी यंत्रापुढे नारळ फोडायची आणि खोबऱ्याचा तुकडा पहिला बडेअब्बांना द्यायची.

माझं लग्न झालं आणि मी पनवेलला गेले, तरी त्या दिवसांत मी यायचे, ब्रेक दाबायला. बडेअब्बा गेले त्या वर्षी अब्बांनी होड्या ओढायला नकार दिला. पुढच्या वर्षी गावातले दोघे येऊन बसले, नुसते बसून राहिले. मग अब्बांनी मला फोन केला. "येशील का? तू सीटवर बस. मी खाली हाय."

मी गेले. भरती चढत होती. पहिली होडी निळी होती, नुकतीच डांबर लावलेली, तिचा वास सगळीकडे पसरला होता. अब्बांनी तारेवरून फडकं फिरवलं, होडीला चक्कर मारली, लोकांना मागे सारलं आणि माझ्याकडे बघून हात गोल फिरवला.